बादली निशाणीचं पत्रक

निवडणुकीचं पत्रक मी नेहमी खालून वाचायला सुरुवात करते. वर हात जोडलेला उमेदवार असतो, मध्ये रस्ते, पाणी, दिवाबत्ती आणि तरुणांच्या हाताला काम असतं, शेवटी ‘आपला नम्र’ असतो. हे सगळं संपलं की अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव आणि किती प्रती छापल्या तो आकडा. कायद्यानं ही ओळ असावी लागते. वरचं सगळं हवेत विरून जाऊ शकतं, पण ती ओळ सहसा खरी असते. म्हणून मी आधी तिथं पोचते आणि मग सावकाश वर उमेदवाराकडं जाते.

माझ्याकडं निवडणुकांची जुनी पत्रकं आहेत. किती आहेत ते मी मोजलेलं नाही आणि नवऱ्यानं मोजू नये अशी माझी इच्छा आहे. बेडरूममधलं एक कपाट पूर्ण त्यांचं आहे, पलंगाखालची निम्मी जागाही त्यांनी बळकावली आहे. शिवाय बिल्ले, कागदी टोप्या, पुठ्ठ्याचे पंखे, नमुना मतपत्रिका, देवाच्या तसबिरीखाली निशाणी छापलेली कॅलेंडरं. मी सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते. दिवसभर कागदांत बसलेली बाई घरी येऊन पुन्हा कागदच का पसरते, हे नवऱ्याला कळत नाही. तो चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. “मी घरी येऊन नटबोल्ट मांडून बसतो का?” असं तो विचारतो. मी चिडते.

या सगळ्याची सुरुवात भज्यांपासून झाली. लहानपणी आम्ही राहायचो त्या पेठेत माग चालवणाऱ्या विणकरांची तेलुगू घरं जास्त. एकदा भजी बांधून आली ती एका तेलुगू पत्रकात. तेलाचा डाग बरोबर उमेदवाराच्या तोंडावर पडलेला आणि भोवती ती गोलगोल अक्षरं. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी हा माणूस काहीतरी मागतोय एवढं कळत होतं. मला त्याची दया आली. मी कागदावर पावडर टाकून तेल टिपलं आणि तो भूगोलाच्या पुस्तकात ठेवला. मग एक उर्दू पत्रक मिळालं, मग अक्कलकोटकडचं कन्नड. एकाच गावात मत मागायला माणसाला इतक्या लिप्यांतून हात जोडावे लागतात, याची मला फार गंमत वाटायची. अजून वाटते.

माझा जीव विशेष करून पडलेल्यांच्या पत्रकांवर आहे. निवडून आलेल्याची आठवण ठेवायला पुष्कळ लोक असतात, आणि ते नसले तर तो स्वतः असतो. पडलेल्या अपक्षाचं कुणी काही ठेवत नाही. खरं तर वाचावं ते त्याचंच पत्रक. मोठ्या पक्षाचा मजकूर कुठून तरी तयार येतो. अपक्ष रात्री जेवण झाल्यावर स्वतः लिहितो, बायकोला ऐकवतो, आणि शब्द कमी पडले की ‘इत्यादी’ लिहून मोकळा होतो.

माझी भाची आयर्लंडमध्ये नर्स आहे. ती पहिल्यांदा तिकडं गेली तेव्हा म्हणाली, “मावशी, तुला काय पाठवू?” तिला वाटलं मी चॉकलेट सांगेन. मी म्हटलं, निवडणूक लागली की दारात जो कागद पडेल तो पाठव. बिचारीनं पाठवले, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून मागून जुनेही पाठवले. तिकडं पत्रक दाराच्या फटीतून आत सरकवतात. मतदार एकालाच मत देत नाही, उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतो. त्यामुळं काही उमेदवार दारात येऊन सांगतात म्हणे, एक नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलं असेल तर निदान दोन नंबर मला द्या. हे ऐकून नवरा पोट धरून हसला. “आपल्याकडं कुणी असं म्हणालं तर लोक तिथंच ठरवतील, हा पडला.” मी त्या कागदांचा तळ पाहिला. तिथंही मुद्रक होता, प्रकाशक होता, तेवढ्याच बारीक अक्षरांत. इतक्या लांबून आलेल्या कागदावर ओळखीची ओळ दिसली आणि मला बरं वाटलं.

अव्वांची ओळख मात्र नवऱ्यामुळं झाली. त्याच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या त्या आत्या. राहणार अक्कलकोटपलीकडच्या, कर्नाटक सीमेवरच्या दुधनीच्या, आडत व्यापाऱ्याच्या घरातल्या. त्यांना सगळे अव्वा म्हणतात, मीही म्हणते. त्यांचे यजमान तरुणपणी एकदा विधानसभेला अपक्ष उभे राहिले होते. निशाणी बादली. पडले, अगदी सपाटून पडले, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडून तुरीची पोती लावत बसले. त्यांचं तेवढ्यावर मिटलं. अव्वा मात्र नळावर गेल्या की बायका पुढं कितीतरी वर्षं “बादली आली, सरका” म्हणायच्या.

एके दिवशी अव्वांचा फोन आला. “बाई, मागची खोली पाडायलेत पोरं. यजमानांचे कागद हायत थोडे. तुमी न्यायला येताय, का मी बंबात घालू?”

आमच्याकडं घराघरात पाणी तापवायच्या बंबानं जेवढा इतिहास खाल्लाय तेवढा वाळवीनंसुद्धा खाल्ला नसेल. मी म्हटलं, काडी ओढू नका, रविवारी येते.

आता माझी अक्कल कुठं गेली होती ते सांगते. तेव्हा विधानसभेचीच निवडणूक लागलेली होती. आचारसंहिता सुरू होती. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना ड्युट्या लागल्या होत्या आणि त्यांचे आदेश मीच वाटले होते. कॉलेजच्या नव्या इमारतीवर उद्घाटनाची पाटी आहे, तिच्यावरची पुढाऱ्यांची नावं ब्राऊन पेपरनं झाकून घ्यायचं कामही मीच करवून घेतलं होतं. इतकं सगळं असून, जुन्या पत्रकांचा चालू निवडणुकीशी काही संबंध येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. संग्रह करणाऱ्याचं असंच होतं. त्याला जुनं ते सगळं निवांत वाटतं. वर शहाणपणा म्हणून अव्वांना दाखवायला आयर्लंडच्या पत्रकांची फाइलही मी बरोबर घेतली.

नवरा आणि मी गाडीनं दुधनीला पोचलो तेव्हा अव्वा दारातच होत्या. “बर्री, बर्री,” म्हणत त्यांनी आत घेतलं आणि कागदांचं नाव काढायच्या आधी हुग्गी वाढली. गव्हाची ती गोड खीर आणि वर तुपाची धार. नवरा दुसऱ्यांदा वाढून घेत होता आणि माझा जीव मागच्या खोलीत अडकला होता. शेवटी अव्वाच म्हणाल्या, “बाईंचं लक्ष न्हाय जेवणात. आणा रे ते.”

पोरांनी पत्रकांचा एक गठ्ठा आणि पत्र्याचा एक साचा आणून ठेवला. साच्यात बादलीचा आकार कापलेला. तो भिंतीवर धरून वरून रंग फिरवला की भिंतीवर बादली उमटायची. माझ्याकडं असा साचा नव्हता, मी तर हरखूनच गेले. गठ्ठ्याची सुतळी सोडली तेव्हा मात्र हरखणं संपलं. वाळवी वरून शिरली होती, खालूनही शिरली होती, आणि नेमका फोटोचा कोपरा तिला गोड लागला होता. एका बाजूला मराठी मजकूर, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि यजमानांच्या तोंडाच्या जागी भोक. आम्ही एकेक पत्रक उचलत गेलो. भोक, भोक, पुन्हा भोक. गठ्ठ्याच्या पोटात एक पत्रक निघालं, ज्याचा तळ कुरतडला होता पण चेहरा पूर्ण होता.

फोटोतला माणूस हसत होता. त्या काळचे उमेदवार हसत नसत, पासपोर्टला बसल्यासारखे बसत. हा मात्र कॅमेऱ्यामागं उभ्या असलेल्या कुणीतरी थट्टा केल्यावर हसावं तसा हसत होता.

अव्वांनी तो कागद हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. मग समोरच्या दुकानाकडं हात केला. तिथं हार घातलेला एक मोठा फोटो होता. यजमान गेल्यावर पोरांना दुसरा फोटो मिळेना, म्हणून त्यांनी आधार कार्डावरचाच मोठा करून लावला होता. लग्नात फोटो काढलेच नव्हते. स्टुडिओत जाऊन काढलेला एकुलता एक फोटो निवडणुकीच्या वेळी छापखान्यात दिला, तो परत आला नाही. आणि आधार कार्ड निघालं तोवर यजमान आजारी होते, गाल बसलेले, डोळे कुठं लागलेत ते समजत नव्हतं.

“ते दुकानातलं यजमान न्हवं बाई,” अव्वा म्हणाल्या. “ते नुस्तं आजारपण हाय. यजमान हे.”

मी म्हटलं, सोलापुरात माझ्या ओळखीचा स्टुडिओ आहे. हा फोटो मोठा करून, साफ करून, फ्रेम करून आणून देते. पत्रकही तसंच्या तसं परत आणते. त्यांनी मान हलवली. कागद माझ्या हातात देताना एक क्षण तो त्यांच्याकडून सुटेना. तेव्हा मला त्या कागदाचं वजन कळलं. हा हरवला तर त्या बाईच्या नवऱ्याचा चेहराच जगातून जाणार होता. मी तो आयर्लंडच्या फाइलमध्ये, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला. बाकीचा गठ्ठा आणि साचा डिकीत टाकला.

अक्कलकोट मागं टाकलं आणि थोड्या वेळानं रस्त्यावर तपासणी नाका लागला. निवडणुकीत लागतो तसा. लहानसा मांडव, टेबल, तीन-चार खुर्च्या, एक पोलीस, कॅमेरा घेतलेला एक माणूस आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेले पथकप्रमुख. ऊन मी म्हणत होतं. पोलीस म्हणाला, “डिकी उघडा.”

नवऱ्यानं उघडली. पोलिसानं आधी साचा बाहेर काढला आणि उन्हात आडवा धरला. रस्त्यावर बादलीचा स्वच्छ कवडसा पडला.

“साहेब,” तो म्हणाला, “बादली.”

पथकप्रमुख खुर्चीतून उठले. त्यांच्या चालीवरूनच मला उमगलं. त्या वेळी त्या मतदारसंघात एका अपक्षाला बादली मिळाली होती. अपक्षांच्या निशाण्या अशाच फिरत असतात, यंदा याची बादली, पुढच्या वेळी ती त्याच्या हातात. हे मला कुणी सांगायला नको. माझ्या कपाटात एकाच शिलाई मशीनच्या निशाणीवर कितीतरी उमेदवार पडलेले आहेत. आणि तरीही मी ऐन प्रचारात बादल्यांचा गठ्ठा घेऊन त्याच रस्त्यानं निघाले होते.

“जुने आहेत हो हे,” मी म्हटलं. “वाळवी लागलीय, दिसत नाही का?”

“दिसतंय की मॅडम. पण गोडाऊनला पडलेला कागद असला तर तेबी पिवळाच दिसतोय.” ते सभ्य होते, आवाज चढवत नव्हते, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली. “उमेदवाराचं नाव बघू.”

नाव बघितलं. देवावरून ठेवलेलं, त्या भागात घरटी एकाचं असणारं नाव, आणि यंदाच्या बादलीवाल्याचंही नेमकं तेच. आडनावानं तरी सुटलो असतो, पण अव्वांच्या यजमानांनी आडनाव घालायच्या ऐवजी ‘आडत दुकानदार, दुधनी’ एवढंच लिहून टाकलं होतं. गावात सगळे तसंच ओळखायचे ना त्यांना! मी म्हटलं, निदान चेहरा तरी बघा, आणि फाइलमधून ते एक पत्रक काढून दाखवलं. कॅमेरावाल्यानं मोबाइलवर यंदाच्या उमेदवाराचा फोटो काढून शेजारी धरला. मिशी दोघांनाही होती.

“आता सगळेच उमेदवार तरुणपणीचा फोटो लावत्यात साहेब,” पोलीस म्हणाला. खरंच होतं ते.

मग प्रमुखांनी पत्रक उलटसुलट केलं. “मुद्रकाचं नाव कुटं हाय?”

जी ओळ मी आयुष्यभर सगळ्यात आधी वाचत आले, तीच गठ्ठ्यातल्या एकाही पत्रकावर उरली नव्हती. मतदानाची तारीखही तळालाच असणार, तीही गेली होती.

“वाळवीनं खाल्लं,” मी म्हटलं.

“मुद्रकाचं नाव न्हाय म्हंजे त्योच गुन्हा हाय मॅडम.” त्यांनी माझी फाइल उघडली आणि वरचं आयर्लंडचं पत्रक काढलं. “हे कुटल्या पक्षाचं?”

“आयर्लंडचं.”

“तितं कोण उभं हाय?”

“तिकडं ना साहेब, एक नंबर, दोन नंबर द्यायचे असतात,” नवऱ्यानं उत्साहानं सुरू केलं. मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढचे नंबर गिळून बसला. प्रमुखांनी त्या कागदाचा तळ वाचला. “ह्याच्यावर हाय बघा मुद्रकाचं नाव. परदेशातल्यावर हाय आन तुमच्यावर न्हाय.”

त्यांनी वरिष्ठांना फोन लावला. तिकडून काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “सगळं जमा करून घ्यावं लागंल. पंचनामा करतो, सील लावतो. निकाल लागल्यावर अर्ज करा, मिळंल परत.” त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते. पण बाकीच्या कागदांचं मला काही वाटत नव्हतं. साचा नेला असता तरी चाललं असतं. पाकिटात घालायला म्हणून त्यांनी ते चेहरा असलेलं पत्रक मधोमध दुमडायला घेतलं, तेव्हा मात्र मी किंचाळले.

“घडी घालू नका!”

तो कागद बिस्किटासारखा झाला होता. घडी बसली असती तर नेमकी हसणाऱ्या तोंडातून तुटली असती. प्रमुख दचकले. कॅमेरा माझ्याकडं वळला. मी बोलत सुटले होते, ते पत्रक कुणाचं, दुकानात कुठला फोटो लावलाय, हा गेला तर त्यांच्याकडं काही राहत नाही, असं सगळं एका दमात. कॅमेऱ्यात ते सगळं आलंय. सरकारी दप्तरी माझं असं एक चित्रण कुठंतरी असणार, याची मला आजही लाज वाटते.

“अव्वांना फोन लावू का?” नवरा म्हणाला. इतक्या वेळात कुणी बोललेलं पहिलं शहाणपणाचं वाक्य, आणि तेही त्याचं.

प्रमुखांनी कॅमेरावाल्याला जवळ बोलावलं, फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि सरळ कन्नडमध्ये सुरू केलं. ते त्याच बाजूचे निघाले. मला कन्नड बोलता येत नाही, पण समजतं. आधी अव्वांनी त्यांना जेवलात का विचारलं. मग त्यांनी विचारलं, बादलीचं पत्रक कुणाचं? माझ्या मालकांचं, अव्वा म्हणाल्या. मालक कुठं आहेत? गेले. आता कोण उभं आहे तुमच्या घरातलं? आता कोण उभं राहणार, माझे गुडघेच धड उभे राहत नाहीत. पोलीस हसला. प्रमुख मात्र हसले नाहीत. म्हणाले, अव्वा, पत्रकावर काय लिहिलंय ते थोडंफार सांगता येईल का?

मला माहीत होतं, अव्वांना वाचता येत नाही. मी डोळे मिटून घेतले. संपलं, असं मनात म्हटलं.

आणि अव्वा बोलायला लागल्या. सांगायला नाही, म्हणायला. “समस्त मतदार बंधू-भगिनींनो” पासून, थांबायच्या जागी थांबत, आवाज चढवायच्या जागी चढवत. मला पक्ष नाही. माझ्यामागं कोणी मोठा माणूस नाही. माझं दुकान आहे, ते सांभाळून मी काम करीन. नळाला पाणी आणीन असं मी म्हणत नाही. पाणी का येत नाही ते मात्र विचारीन. निवडून दिलंत तर ऑफिसात भेटेन, पाडलंत तर दुकानात भेटेन. प्रमुखांनी पत्रकाची कन्नड बाजू वर केली होती आणि त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. अव्वा कुठंही चुकत नव्हत्या. नंतर त्यांनीच मला सांगितलं, यजमानांना चार लोकांत बोलायची सवय नव्हती, जीभ अडखळायची. म्हणून छापखान्यातून आलेला कागद घेऊन ते रोज पहाटे चुलीपाशी उभे राहून म्हणायचे आणि भाकरी थापता थापता अव्वा त्यांना पुन्हा म्हणायला लावायच्या.

‘आपला नम्र’ आलं. प्रमुखांचं बोट कुरतडलेल्या कडेवर येऊन थांबलं. अव्वा थांबल्या नाहीत. कारण कुठं थांबायचं हे यजमानांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पाठ केला होता आणि अव्वांनी तो तसाच ऐकला होता. मतदानाचा दिवस, तारीख, साल. मग त्याच ठसक्यात, ‘मुद्रक’, आणि सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका छापखान्याचं नाव. मग प्रकाशक, मग प्रती. वाळवीनं खाल्लेली सगळी ओळ त्या रस्त्यावर, ट्रक थांबलेले असताना, मोबाइलच्या स्पीकरमधून ऐकू आली.

“साखर पेठेतला त्यो छापखाना?” पोलीस म्हणाला. “त्यो बंद हून जमाना झाला साहेब. तितं साड्यांचं दुकान हाय आता. माज्या लग्नाचा बस्ता तितंच बांधला की.”

प्रमुखांनी साल पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि लिहिलं. वरिष्ठांना फोन केला, या वेळी बराच वेळ बोलले, मध्ये एकदा “न्हाय साहेब, वाळवी” असंही म्हणाले. मग आमचा जबाब घेतला, सगळ्याचे फोटो काढले, आणि ते पत्रक दोन्ही हातांनी, घडी न घालता, माझ्या फाइलमध्ये परत ठेवलं. फोन अजून चालूच होता. त्यावर वाकून ते म्हणाले, “अव्वा, मी तवा असतो तर मालकांनाच मत दिलं असतं.”

“तसं सगळेच म्हणाले हुते,” अव्वा म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गाडीत बसलो. नवऱ्यानं किल्ली लावली पण गाडी सुरू केली नाही. मी फाइल छातीशी धरून रडत होते आणि मला हसूही येत होतं. सुटलो, सुटलो, एवढंच तोंडातून येत होतं. इतकं हलकं मला मुलीच्या बारावीच्या निकालालासुद्धा वाटलं नव्हतं. थोडं पुढं गेल्यावर एका टपरीवर आम्ही उसाचा रस प्यालो आणि नवरा म्हणाला, “आता मोज तुझी पत्रकं. निदान पोलिसांना सांगायला तरी आकडा पाहिजे.” त्याच्या या बोलण्यावर मी पहिल्यांदाच चिडले नाही.

स्टुडिओवाल्यानं काम छान केलं. चेहऱ्यावरचे डाग काढले, हसू तसंच ठेवलं. पण मी धडा घेतला होता. निकाल लागला, आचारसंहिता उठली, मगच आम्ही दुधनीला गेलो. यंदाची बादलीही पडली होती, ते एक बरं झालं.

अव्वांनी फ्रेम मांडीवर घेतली. पोरं, सुना भोवती जमल्या, कुणी म्हणालं धाकटा अगदी यांच्यावर गेलाय. मी फाइलमधून पत्रक काढून त्यांच्यापुढं ठेवलं, तसंच्या तसं. म्हटलं, अव्वा, तुमचं तुमच्याकडं, माझी जबाबदारी संपली. त्यांनी ते उचललं आणि परत माझ्या हातात दिलं.

“तुमीच ठेवा.”

“अहो अव्वा, हे एकच राहिलंय.”

“ऱ्हाऊ द्या. त्यात लिवलेलं सगळं पाठ हाय मला. तोंड तेवढं पाठ ऱ्हायलं न्हवतं बघा. गेली दोन-तीन साल डोळे मिटलं की त्ये आधारचंच तोंड फुडं येऊन उभं ऱ्हायचं. मी कुणाला बोलले न्हाय. नवऱ्याचं तोंड इसरले म्हनून कुनाला सांगायचं?”

अव्वांनी फ्रेम जरा लांब धरली, फोटोकडं नीट बघून घेतलं, आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत उभे.

“व्हय,” डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. “हेच.”